‘ब्लायटी’ रोगट नव्हे, विलायती!

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धावरच्या एका अनुवादात ‘ब्लायटी जखम झाली म्हणून तो शिपाई आनंदला’ असं वाक्य आहे आणि तळटीपेत ‘ब्लायटी म्हणजे चिघळलेली, कीड लागलेली’ असा खुलासा आहे. चिघळलेल्या जखमेनं कुणी आनंदेल का? मग ब्लायटीचा खरा अर्थ काय आणि मराठीत काय लिहावं?

ती तळटीप साफ चूक आहे. इंग्रजीत पिकावरच्या रोगाला ‘ब्लाइट’ म्हणतात, त्यावरून कुणीतरी अंदाज ठोकला आणि आता तो एकाकडून दुसऱ्याकडे उतरवला जातोय. वाक्यच ओरडून सांगतंय की अर्थ जुळत नाही, तरी शब्दकोश उघडायचे कष्ट घ्यायचे नाहीत, याची मला फार चीड येते. त्यातून हा शब्द परका असता तर एक वेळ समजलं असतं. तो आपल्याकडचाच आहे. ब्लायटी म्हणजे ‘विलायती’!

हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेल्या गोऱ्या सोल्जरांनी छावणीत तो ऐकला. विलायती साहेब, विलायती बूट, सोडावॉटरला विलायती पानी. ज्याला त्याला लागणारं हे विशेषण आपल्या देशाचं नावच आहे असं त्यांनी धरलं आणि विशेषणाचं विशेषनाम झालं. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, म्हणजे घर. १९१४ ला जुन्या पलटणी हा शब्द घेऊन फ्रान्सात उतरल्या. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, तोवर हिंदुस्थान नकाशावरही धड न पाहिलेली पोरं खंदकात बसून ‘ब्लायटी’चा जप करत होती. जीव जाणार नाही, पण बोटीत घालून घरी पाठवावंच लागेल, अशी जखम म्हणजे ‘ब्लायटी’. १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या एकाच दिवशी, ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक कामी आले, जखमी झाले किंवा हरवले. त्यातले १९,२४० मेले. एवढ्या संहारात पायातून आरपार गेलेली गोळी हे भाग्यच. आनंदला म्हणजे खरंच आनंदला.

जर्मन शिपाई अशा जखमेला ‘हायमाटशुस’ म्हणत, म्हणजे मायदेशी नेणारी गोळी. फ्रेंच नुसती ‘चांगली जखम’ म्हणत. दोघांनी घरचेच शब्द वापरले. घराच्या ओढीला परक्या मुलखातला शब्द लावला तो फक्त इंग्रजांनी.

‘व’चा ‘ब’ कसा झाला? पुष्कळ जण हे इंग्रजांच्या बोबड्या जिभेवर ढकलतात. मला ते अजिबात पटत नाही. इंग्रजाला ‘व’ म्हणता येत नाही असं कोण म्हणेल? हा ‘ब’ उत्तरेतला आहे. आपला वाघ तिकडे बाघ, वीस तिकडे बीस, वाट तिकडे बाट. तसं विलायतीचं बिलायती त्या मुलखातच झालेलं होतं. मराठी मुलखातून हा शब्द उचलला असता तर आज ते ‘व्लायटी’ म्हणत असते! मराठी मुलखातून त्यांनी उचललं ते वेगळंच. मुदत संपलेले सोल्जर बोटीची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत, उकाड्यानं आणि रिकामपणानं त्यांची डोकी फिरत. त्याला नाव पडलं ‘डूलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. आजही इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलॅली’ म्हणतात. कोशकार हा ‘टॅप’ उर्दूतून आणतात. अहो, गाव नाशिकजवळचं, भोवतालची वस्ती मराठी, आणि ‘ताप’ घ्यायला उर्दूकडे जायचं? माझ्या मते हा ताप मराठीच.

आता मूळ. ‘विलायत’ अरबी आहे आणि त्याचा इंग्लंडशी मुळात काही संबंध नाही. विलायत म्हणजे ‘वाली’चा अंमल, त्याच्या ताब्यातला प्रांत. मोगल अमदानीत विलायत म्हटलं की इराण-तुराण, म्हणजे इराण आणि मध्य आशिया, समजत, पुढे युरोप आणि मग इंग्लंड. (विलायती चिंच तर अमेरिका खंडातली. विलायती म्हणजे ‘इंग्लंडचं’ एवढंच शिकवणाऱ्यांनी तिच्याकडे एकदा बघावं.) आणि हा ‘वाली’ तोच, ‘त्याला कुणी वाली नाही’ मधला! या वाक्प्रचाराचा संबंध किष्किंधेच्या वालीशी जोडणारे लोक भेटतात. सुग्रीवाची बायको हिरावणारा वाली अनाथांचा कैवारी कधी झाला? आपला वाली अरबीतूनच आला, सांभाळणारा, राखणारा. म्हणजे खंदकातलं पोर ‘ब्लायटी, ब्लायटी’ म्हणत होतं तेव्हा आपल्या वालीचंच नाव घेत होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं इतकंच. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी झोपू शकलो नाही.

त्याच खंदकांत आपलेही शिपाई होते. त्यांच्यातले जखमी ब्रायटनच्या राजवाड्यातल्या इस्पितळात गेले, म्हणजे खरोखरच्या विलायतेत. पण त्यांचं घर तिथे नव्हतं. बरे झालेल्यांना पुन्हा आघाडीवर धाडत, याचं दुःख त्यांच्या पत्रांत आहे. शेजारच्या गोऱ्याला जो शब्द घर वाटे तोच त्यांना परदेश. मूळ एक आणि अर्थ इतके उलटे, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

हो, अनुवादाचं राहिलंच. ‘सुटकेची जखम’ लिहा. ती जखम त्याला कुठे नेणार होती हे वाक्यात यायला हवं असेल तर ‘घरी नेणारी जखम’ लिहा. ‘ब्लायटी’ ठेवायचाच असेल तर खुशाल ठेवा, पण तळटीपेत ‘विलायती’ हा शब्द यायलाच हवा.