अमेरिकेतला द्राक्षावरचा किडा आणि दोडामार्गच्या रानातला लांब नाकाचा किडा

या आठवड्यात दोन प्रश्न आले. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदार भाऊंना न्यू जर्सीतल्या पुतण्याने व्हिडिओ पाठवलाय, ठिपक्यांचा किडा, दिसला की चिरडा म्हणतात, तर तो आपल्या बागेत आला तर काय करायचं? आणि दोडामार्गच्या एका दादांनी रानाच्या कडेच्या झाडावरच्या लांब नाकाच्या रंगीत किड्याचा फोटो टाकलाय, हाच तो का आणि कुठलं औषध मारू?

दादा, औषध अजिबात मारू नका. दोन्ही किडे एकाच कुळातले, पण तुमचा वेगळा आहे.

व्हिडिओतला लँटर्नफ्लाय मूळ चीनचा. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला, दगडांच्या मालाबरोबर अंडी आली असावीत असं मानतात. इंचभर लांब, मिटलेले पंख राखाडी आणि त्यावर काळे ठिपके, पंख उघडले की आत लालभडक. नाक लांब नसतं, हीच मोठी खूण. मादी एका पुंजक्यात 30 ते 50 अंडी घालते आणि वर लेप लावते, तो वाळला की चिखल उडाल्यासारखा दिसतो, म्हणून गाडीला किंवा दगडाला चिकटून गेला तरी कुणाला कळत नाही. वेलीचा रस शोषतो, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, वेल खंगते. चीनमध्ये त्याची अंडी खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आहेत, अमेरिकेत तो मोकाट सुटला. भाऊ, आपल्याकडे द्राक्षावर या किडीची नोंद नाही, त्यामुळे आत्ता फवारणीचा खर्च करू नका. फक्त परदेशातून येताना कुणी काड्या, कलमं, रोपं बॅगेत घालून आणू नयेत, 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे (बाहेरून येणाऱ्या रोपांबद्दलचा सरकारी आदेश) त्याला परवानगी लागते आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय.

दादांच्या फोटोतला मला पायरॉप्स (लांब नाकाच्या लँटर्नफ्लायचं शास्त्रीय नाव) वाटतोय, त्यातली बहुतेक डेलेसर्टी ही जात, सह्याद्रीतलीच. तोही रसच पितो, पण रानातल्या झाडांचा, आणि दिसतो क्वचितच. काजू-आंब्याची कीड म्हणून त्याचं नाव कुठे येत नाही. ते लांब नाक म्हणजे डोक्याचाच पुढे आलेला भाग, लँटर्न म्हणजे कंदील असं नाव असलं तरी तो रात्री चमकतो वगैरे काही नाही. पकडू नका, ते झाडही तोडू नका.

बाजूने एक आणि वरून एक असे दोन फोटो काढा, झाडाचं नाव आणि गाव लिहा, आणि कृषी सहाय्यकांना पाठवा. ठिपक्यांचा आणि आखूड नाकाचा दिसला तर मात्र त्याच दिवशी कळवा.