कॅन्सर झालेली आई सारखी विचारते, ‘देवाने मलाच का?’ तिला काय सांगावं?

कृपा करून ‘पूर्वजन्मीचं कर्म’ असं काही म्हणू नका. आजाराच्या जोडीला अपराधीपणाही येतो. बहुतेक वेळा तिला उत्तर नको असतं, कुणीतरी शेजारी बसून ऐकायला हवं असतं. देवावर रागावली तर रागावू द्या. नामदेव-जनाबाईही विठ्ठलाशी भांडलेच आहेत.

१९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेची चार अंगं मानली: शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना जरूर भेटा, मूळ उपचार चालू असतानाही भेटता येतं. अंग ठणकत असताना हरिपाठात मन कसं लागणार? उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका.