एअरबॉक्स काढून कोन फिल्टर लावले तर जुनं टू-स्ट्रोक इंजिन सीझ होतं का?

तुम्ही विचारलंय की घरच्या गॅरेजमध्ये जुन्या टू-स्ट्रोकची कॅफे रेसर (शर्यतीच्या धाटणीची गाडी) करताय, एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा मूळ डबा) काढून कोन फिल्टर (थेट कार्ब्युरेटरवर बसणारे शंकूसारखे फिल्टर) लावले तर इंजिन सीझ होईल (पिस्टन अडकून बसेल) असं सगळे घाबरवतात, ते खरं का? आणि मागची फ्रेम कुठून कापावी? पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात अकरा वर्षं वाद चालू आहे. उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

नाही होत. सीझ होतं ते मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यामुळे. फिल्टर लावला आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) तसाच ठेवला तर दोष लावणाऱ्याचा, फिल्टरचा नाही. आणि पेट्रोल कमी पडायला फिल्टरच लागतो असंही नाही. आमच्या दादाला हे आजतागायत पटलेलं नाही.

गाडी यामाहा आरडी ३५०, १९७३ चं मॉडेल. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी एकतर्फी झडप), मिकुनी कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. दादाने ती आठ वर्षं शेडमध्ये उभी असलेली घेतली, पुसून-तपासून चालू केली आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी सकाळी तासभर फिरवली. वेग चाळीस-पन्नास. त्याला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी. टाकीवरचा पट्टासुद्धा मूळ रंगाचा. मला तीच गाडी कॅफे रेसर करायची होती. शेवटी त्याने चावी दिली आणि एकच अट घातली, "कापाकापी करायची नाही." मी एअरबॉक्स काढला. एअरबॉक्स बोल्टवर असतो, त्याला कापाकापी म्हणत नाहीत, हा माझा पहिला मुद्दा. तो त्याने तिथेच फेटाळला.

त्या एका आठवड्यात मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. क्लिप-ऑन (दोन तुकड्यांचं, खाली बसणारं) हँडल बसवलं. एअरबॉक्स काढून दोन कोन फिल्टर लावले. मूळ सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचे फुगीर एक्झॉस्ट पाइप) चढवले. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारे) दोन पायऱ्या मोठे टाकले, कुणीतरी सांगितलं म्हणून. इंजिन उघडलं नाही, कारण दुसऱ्या किकला चालू होत होतं. चालू होतं म्हणजे बरं आहे, ही जुन्या गाडीवाल्यांची सगळ्यात महागडी समजूत. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, प्लग काढून बघितला, छान चॉकलेटी रंग. आता हसू येतं. आयडलवर आणि अर्ध्या थ्रॉटलवर फिरून आलेला प्लग मेन जेटबद्दल काहीही सांगत नाही. तिथे बोलतो तो पायलट जेट आणि सुई.

एक गोष्ट मात्र कानाला खटकली होती. थ्रॉटल सोडला तरी इंजिनचा आवाज लगेच खाली यायचा नाही. सेकंदभर वरच रेंगाळायचा, मग उतरायचा. मला वाटलं, वा, काय मोकळं झालंय इंजिन!

रविवारी सकाळी सरळ मोकळ्या रस्त्यावर पाचवा टाकला आणि थ्रॉटल पूर्ण पिळला. आरडी सहा हजारांच्या पुढे गेली की कशी अंगावर येते ते चालवणाऱ्यालाच माहीत. बारा-पंधरा सेकंद असतील. आधी आवाज किंचित बारीक झाला, जणू कुणी मागून गाडी ओढून धरलीय, आणि मागचं चाक लॉक. माझी दोन बोटं कायम क्लचवर असतात, ती सवय दादानेच लावलेली, म्हणून आज टाइप करतोय. क्लच दाबला, चाक सुटलं, गाडी घसटत कडेला आली. ढकलत घरी आणली. दादा दारात उभा होता. काही बोलला नाही. हेड काढून ब्लॉक वर उचलेपर्यंत गप्प होता, आणि डाव्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला पडलेले उभे ओरखडे बघून एकच शब्द म्हणाला, "फिल्टर."

आता माझी बाजू ऐका. तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्हीच न्याय करा.

फिल्टर दोन्ही कार्ब्युरेटरना होते. चेंबर दोन्ही बाजूंना होते. सीझ झाला तो फक्त डावा सिलिंडर. उजवा पिस्टन नवा वाटावा इतका स्वच्छ. मग फिल्टर फक्त डावीकडेच पेट्रोल कमी पाडतो का? क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो तो इंजिनचा खालचा डबा) उघडली तेव्हा डाव्या टोकाचा, म्हणजे आल्टरनेटरकडचा ऑइल सील (क्रँकभोवतीची रबरी कडी) हाती आला. त्याची ओठासारखी कड रबराची राहिलीच नव्हती. नखाने दाबली तर तुकडा पडला. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सील वाळतात, क्रँकवर गंज धरतो, आणि मग तोच गंज फिरताना सील खातो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर जाताना आत ओढ तयार होते, आणि ती ओढ सील फुटलेला असेल तर तिथून हवा खेचते. त्या हवेचा कार्ब्युरेटरला पत्ताच नसतो. जेट कितीही मोठा टाका, भोक वाढत गेलं की हिशोब चुकतोच. उजवीकडचा सील क्लचच्या बाजूला असतो. तो गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, धुराचे लोट निघतात आणि माणूस सावध होतो. डावा सील गेला तर धूर नाही, ठिपका नाही. फक्त थ्रॉटल सोडल्यावर आवाज रेंगाळतो. तेच ज्याला मी मोकळं इंजिन म्हणत होतो.

दादाचं म्हणणं असं: सील तेव्हाही तोच होता जेव्हा तो गाडी चालवत होता. दोन वर्षं काही झालं नाही, फिल्टर लावल्यावर आठ दिवसांत झालं. मी म्हटलं, तू पन्नासच्या वर गेलाच नाहीस, पूर्ण थ्रॉटल त्या इंजिनाने बघितलाच नव्हता. तो म्हणाला, "मग चूक सीलची कशी? तुझीच." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, पण मुद्दा तांत्रिक आहे आणि तांत्रिक मुद्द्यावर मी बरोबर आहे. वहिनी चहाचे कप उचलताना म्हणाली होती की एका आठवड्यात तीन औषधं बदलली तर कशाने बाधलं हे डॉक्टरलासुद्धा सांगता येणार नाही. तेव्हा आम्ही दोघांनीही दुर्लक्ष केलं.

तर तुमच्यासाठी. गाडी आधी मूळ स्थितीत नीट चालवा, एअरबॉक्ससकट. पन्नास वर्षांच्या इंजिनाचे क्रँक सील बदलल्याशिवाय एकही फॅन्सी वस्तू विकत घेऊ नका. आरडीला क्रँककेस उघडावी लागते, कंटाळा येतो, तरी करा. उघडायचं की नाही हे ठरवण्यासाठी प्रेशर टेस्ट आहे: इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचाने बंद करायचे, हातपंपाने सहा पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) च्या आसपास हवा भरायची आणि गेजवर नजर ठेवायची. पाच-सहा मिनिटं काटा जवळपास जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: बेस पॅकिंग, रीडचं पॅकिंग, सील. जास्त दाब देऊ नका, चांगला सील उलटा होईल. ही टेस्ट मी त्या वेळी केली असती तर हा वादच झाला नसता.

मग एक वस्तू बदला. एकच. फिल्टर लावलात तर जेट मुद्दाम जास्त मोठा टाका, इंजिन अडखळेल, अडखळू द्या. तिथून एकेक पायरी खाली या. पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद चालवून, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढा. वरचा रंग नाही, पोर्सिलेनच्या मुळाशी जी कड असते ती भिंगाने बघा. मग चेंबर. मग पुन्हा हेच सगळं. तुमच्या गाडीचा जेट नंबर मला विचारू नका. दुसऱ्याच्या नंबरवर गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. जेट वाढवून घ्यायचा नसेल तर एअरबॉक्स राहू द्या, तो दिसतो वाईट पण कार्ब्युरेटरला शांत हवा देतो. पावसात आणि आडव्या वाऱ्यात कोन फिल्टरवाल्याला त्याची किंमत कळते.

काढलेला एअरबॉक्स फेकू नका. आमचा मी भंगारात टाकला होता, दादाने तो गुपचूप उचलून माळ्यावर ठेवला.

कॅफे रेसरबद्दलही बोलतोच. पन्नास-साठच्या दशकात इंग्लंडमधली पोरं नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन करायची, ती गाडी जास्त पळावी आणि वळणावर चांगली बसावी म्हणून. आता पाट ठेवल्यासारखी सीट आणि सायलेन्सरला गुंडाळलेली पट्टी म्हणजे कॅफे रेसर. ती पट्टी ओल धरते, साधा लोखंडी पाइप आतून-बाहेरून गंजतो, आणि टू-स्ट्रोकच्या चेंबरचं तापमान बदललं की तो ज्या आरपीएमला जोर देतो तेही सरकतं. गुंडाळू नका. बॅटरी काढून कंडेन्सरवर चालवायचा सल्लाही मिळेल. आरडीच्या आल्टरनेटरला फील्ड कॉइल (चुंबकत्व तयार करणारी गुंडाळी) आहे, तिला सुरुवातीला करंट बॅटरीतूनच मिळतो. बॅटरी लहान करा, गायब करू नका.

जपानी इंजिनाचे स्क्रू साध्या फिलिप्स ड्रायव्हरने उघडू नका. दिसायला सारखे असले तरी खाचा जेआयएस (जपानी मानक) मापाच्या असतात, ड्रायव्हर वर उचलला जातो आणि डोकं गोल होतं. जेआयएस बिट आणि हातोडीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. सीझ झालेलं सिलिंडर बोअर करायची (आतून कोरून मोठं करायची) वेळ आलीच तर आधी पिस्टन हातात येऊ द्या, तो मोजून मगच बोअर. मी ०.२५ मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले, दोन्हीकडे.

वर लिहिलेलं सगळं साध्या स्लाइड कार्ब्युरेटरचं आहे, ज्यात स्लाइड थेट थ्रॉटलच्या केबलने उचलली जाते. तुमच्याकडे सत्तरच्या दशकाच्या शेवटची फोर-स्ट्रोक असेल आणि तिला सीव्ही कार्ब्युरेटर असतील तर माझा 'नाही होत' मागे घेतो. तिथे स्लाइड हवेच्या दाबावर उचलली जाते, एअरबॉक्स गेला की नुसता जेट बदलून गाडी जागेवर येत नाही, महिने जातात. टाकीला आतून गंज असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नुसती रिकामी करून नेऊ नका, वाफ राहते आणि वाफच पेटते. ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आणि टायमिंग. आरडीला प्रत्येक सिलिंडरचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) वेगळे असतात, आणि ठिणगी पिस्टन वर पोचायच्या २ मिलिमीटर आधी पडावी लागते. हे डायल गेजने (काट्याच्या मापकाने) लावायचं असतं. त्या आठवड्यात माझ्याकडे डायल गेज नव्हता, मी प्लगच्या भोकात पट्टी घालून अंदाजाने लावलं होतं. उजवीकडचं नंतर मोजलं, बरोबर निघालं. डावीकडचं मोजण्याआधीच मी स्टेटर प्लेट (पॉइंट जिच्यावर असतात ती) काढून बसलो होतो. तरीही माझं मत सीललाच. तो सील गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलाय, दादा आला की त्याची पाठ मुद्दाम तिकडे असते.

फ्रेमचं राहिलं. मागच्या शॉकअपच्या कानांच्या (शॉकअप जिथे फ्रेमला बोल्टने बसतो त्या जागांच्या) पुढे कधीच कापू नका. कानांच्या मागे कापलंत तर फ्रेमच्या दोन्ही नळ्या जोडणारा कडा परत वेल्ड करा, नाहीतर त्या फाकतात. कापण्याआधी शॉकअप काढून चाक हाताने पूर्ण वर उचला आणि टायर सीटच्या तळाला कुठे टेकतो ते बघा. मग खडूने खूण करा आणि निदान आठवडाभर ग्राइंडर लावू नका.