बलक फेकण्याआधी रिपोर्ट बघा

रोज दोन उकडलेली अंडी खाता, आता ओळखीतल्या कुणीतरी कोलेस्टेरॉलची भीती घातली, तर पिवळा बलक काढून टाकू का, असं विचारलंय तुम्ही. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास नसेल तर टाकू नका. मी दोन वर्षं इमानेइतबारे टाकला. रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, होतं तिथेच राहिलं, कारण पांढरा भाग मी भरपूर लोण्यात परतून खात होतो!

ही भीती जुनी आहे. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन अंडी, असा सल्ला दिला. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम असतं, तेही सगळं बलकात. म्हणजे दोन अंड्यांतच कोटा संपला. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत हात आखडता घेतं. एलडीएल चढवण्यात लोण्या-तुपातल्या संपृक्त चरबीचा वाटा मोठा, ती अंड्यात जेमतेम दीड ग्रॅम. २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून ती ३०० ची मर्यादा गेली.

मात्र 'बहुतेकांचं' म्हणालो, 'सगळ्यांचं' नाही. काहींचा आकडा अंड्यांनी खरंच चढतो आणि ते बाहेरून बघून कळत नाही. अभ्यासही एकमताने बोलत नाहीत. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला, तर २०२० मध्ये 'बीएमजे' या अशाच नियतकालिकातल्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत तसा संबंध दिसला नाही. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत काही अभ्यासांत धोका दिसलाय, म्हणून त्यांनी आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

बलकासोबत काय जातं तेही बघा. अंड्यातल्या सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीनपैकी अडीचच्या वर बलकात असतं. कोलीन, ड जीवनसत्त्व, डोळ्यांसाठीचं ल्युटिन तर जवळपास सगळंच तिथे.

आणि जिममधल्या कुणी कच्ची अंडी प्यायला सांगितलं तर कानाडोळा करा. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन अंगी लागतं त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त कच्च्यातलं लागतं, वर साल्मोनेला या जंतूची जोखीम. उकडल्यावर बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर घाबरू नका. जास्त वेळ उकळल्याने लोह आणि गंधक एकत्र येतात, एवढंच. अपाय काही नाही.

तुम्ही एवढं करा: आत्ता लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा आणि एलडीएल ठीक असेल तर दोन अंडी चालू ठेवा. चढलेलं असेल तर एकावर या आणि तीन महिन्यांनी परत तपासा. मधल्या काळात बाकीचं खाणं आणि व्यायाम बदलू नका, नाहीतर आकडा कशाने हलला ते कळायचं नाही.