आजी आणि नातू कुठे सापडतील?

तुम्ही लिहिलंय की फिल्म १८ मिनिटांची आहे आणि साताऱ्याजवळच्या एका गावात, दिवाळीच्या सुट्टीत, चार दिवसांत शूट करायची आहे. मुख्य पात्रं दोनच, सत्तरीची आजी आणि दहा वर्षांचा नातू, शिवाय एसटीचा कंडक्टर. 'कलाकार पाहिजेत' अशी पोस्ट टाकल्यावर साठेक अर्ज आले, पण बहुतेक विशीतल्या मुलांचे. आजी एकही नाही. पुण्यात गेली ११ वर्षं विद्यार्थ्यांच्या फिल्म्ससाठी कलाकार निवडायला मी मदत करतेय, आणि जवळजवळ प्रत्येक टीम याच ठिकाणी येऊन अडकते.

आजी तुमच्या पोस्टपर्यंत येणार नाही, तुम्हालाच तिच्याकडे जावं लागेल. सगळ्यात आधी हौशी नाट्यसंस्थांकडे जा. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात राज्य नाट्य स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या बायका आहेत. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतून निवृत्त झालेल्या. तीस-तीस वर्षं संसार आणि नोकरी सांभाळून त्यांनी संध्याकाळी तालमी केल्यात. त्यांना पाठांतराची आणि वेळेची शिस्त असते, आणि कुणी मनापासून विचारलं तर त्या आनंदाने येतात. फक्त स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते, म्हणजे दिवाळीत त्यांच्या तालमी ऐन भरात असतील. पहिल्याच फोनवर तारखा विचारा. तिथे जमलं नाही तर गावातली भजनी मंडळं बघा. पन्नास माणसांसमोर मान वर करून गाणारी बाई कॅमेऱ्यालाही सहसा बिचकत नाही.

महाविद्यालयीन एकांकिकांमधली मुलं गुणी असतात, पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धांच्या रंगमंचावरून पुण्याला किती नट मिळाले हे तुम्हाला माहीत आहेच. पण बावीस वर्षांच्या मुलीच्या केसांना पावडर लावून तिला आजी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. भरत नाट्य मंदिरात दहाव्या रांगेतून ते चालून जातं. क्लोजअपमध्ये मान, हाताच्या शिरा आणि जमिनीवरून उठताना गुडघ्यावर टेकलेला तळवा सगळं सांगून टाकतो.

आता ऑडिशनबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. काही वर्षांपूर्वीच्या एका फिल्ममध्ये आई हे मुख्य पात्र होतं. आम्ही सगळ्या जणींना रडण्याचं एक स्वगत दिलं. एकीने ते असं केलं की खोलीत कुणाला बोलवेना, आणि तिथल्या तिथे तिची निवड झाली. सेटवर मात्र समोरचा नट बोलत असताना ती फक्त स्वतःच्या वाक्याची वाट बघायची. त्याने शब्द बदलला, थांबला, आवाज खाली आणला, तरी तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. एडिटला बसलो तेव्हा तिच्या प्रतिक्रियेचा कापून लावण्याजोगा एकही शॉट नव्हता. दोष तिचा नव्हता. आम्ही तिला बोलायला लावून निवडलं होतं, ऐकताना तिला कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी ऑडिशनला स्वगत देत नाही. समोरचा जास्त बोलतो आणि उमेदवार जास्त ऐकतो, असा दीड-दोन पानांचा प्रसंग देते. समोरच्याचं वाचन टीममधल्या ज्याला बरं वाचता येतं त्याने करायचं, सपाट आवाजात नाही. मोबाइल चालेल, पण तो डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, छातीपासून वरची चौकट घ्या आणि दिवसाचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येऊ द्या. पहिला टेक झाला की एकच सूचना बदलून पुन्हा करायला सांगा: 'हेच, पण शेंगा सोलता सोलता,' किंवा 'हेच, पण नातू शेजारी झोपलाय.' दुसरा टेक पहिल्यापेक्षा चांगला झाला पाहिजे असं नाही. तो बदलला का, एवढंच बघायचं. जी व्यक्ती दोन्ही वेळा अगदी सारखं करते ती घरून बसवून आली आहे, आणि चार दिवसांच्या शूटमध्ये तिला हलवायला तुमच्याकडे वेळ नसेल. घरी आल्यावर ते व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून ऐका. रंगमंचावरच्या कलाकारांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची सवय असते. 'मी हातभर अंतरावर आहे, माझ्याशी बोला' असं सांगितलं की बऱ्याच जणांचा आवाज लगेच खाली येतो. ज्यांचा येत नाही त्यांच्यासोबत तालमी जास्त लागतील.

बोलीचंही तसंच. शहरातला कलाकार 'व्हय' आणि 'न्हाई' पेरून गावाकडचं बोलतो तेव्हा साताऱ्याच्या माणसाला ते टोचतं. बोली शब्दांपेक्षा हेलात जास्त असते. त्या गावातल्याच एखाद्या आजीकडून सगळे संवाद बोलून घ्या, रेकॉर्ड करा आणि कलाकाराला ऐकायला द्या. ती आजी वाक्य बदलून बोलली तर तुमची संहिता बदला, तिचं वाक्य नाही.

मुलासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने जा. 'नाटकात कोण काम करतं?' असं विचारलंत की पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलं पुढे येतील. त्याऐवजी चार-पाच जणांना बसवून विचारा की शेळीची धार कशी काढतात, गोट्या कशा खेळतात. समोरच्याला काहीच कळत नाही असं मानून मूल समजावू लागतं, तेव्हा त्याचा खरा चेहरा दिसतो. 'रडून दाखव' असं कुठल्याही मुलाला सांगू नका. निवड करताना घरच्यांनाही भेटा. आई-वडिलांना मनापासून पटलेलं नसेल तर मूल कितीही गोड असलं तरी थांबा.

कायदाही नीट समजून घ्या, विद्यार्थ्यांची फिल्म असली तरी. १४ वर्षांखालच्या मुलाकडून काम करून घ्यायचं असेल तर शूट ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणावर, हेही नावानिशी द्यावं लागतं. म्हणजे चार दिवसांत मुलाचे तुम्हाला फार तर वीस तास मिळतील. शॉट लावायला त्याची उंची असलेला दुसरा कुणी उभा करा, खरा मुलगा आणलात की थेट टेक घ्या. परवानगीला वेळ जातो, त्यामुळे अर्ज आधी आणि लोकेशनचे फोटो नंतर.

दोघं ठरत आली की त्यांना एकत्र बसवा. तालीम नको, संवाद नको. समोर सुपात शेंगा ठेवा आणि अर्धा तास दूर बसून बघा. आजी त्याच्या हातातली शेंग घेऊन स्वतः सोलते, की त्याला सोलू देऊन बघत राहते? तो तिच्याकडे सरकतो का? माझ्या अनुभवात या अर्ध्या तासात जे दिसतं तेच पुढे पडद्यावर उतरतं. ऑडिशनमध्ये पहिली आलेली आजी इथे मागे पडली तर दुसरीला घ्या.

एक व्यावसायिक आणि एक अगदी नवखा, असं चालेल का, हा तुमचा प्रश्न होता. चालेल. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' या चित्रपटात गीतांजली कुलकर्णींसारखी रंगभूमीवर मुरलेली अभिनेत्री आहे, आणि लोकशाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेत आहेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. दोघांत सांधा दिसत नाही. फक्त अशा वेळी नवख्याचे शॉट आधी घ्या, कारण तो पहिल्या दोन-तीन टेकमध्ये सगळ्यात ताजा असतो आणि अनुभवी माणूस दहाव्यालाही उभा राहतो.

पैसे नाहीत हे पहिल्याच बोलण्यात सांगा. 'तुमचं नाव होईल' असं कुणालाही म्हणू नका. प्रवासखर्च, वेळेवर जेवण, ज्येष्ठ कलाकारासाठी पलंग आणि स्वच्छ संडास, आणि फिल्म पूर्ण झाल्यावर तिची प्रत, एवढं तरी तुमच्या हातात आहे. पाचशे-हजार रुपये पाकिटात घालून शेवटच्या दिवशी दोन्ही हातांनी दिलेत तर ते कमी वाटत नाहीत. संमतिपत्र मात्र शूटच्या आधी सही करून घ्या. एका टीमची फिल्म महोत्सवाला पाठवायची वेळ आली तेव्हा एका कलाकाराची सही नव्हती आणि तो परगावी गेला होता. ती फिल्म त्या वर्षी गेलीच नाही.

ऑडिशन कुणाच्या फ्लॅटवर ठेवू नका. कॉलेजची खोली, दिवसाउजेडी, टीममधली एक तरी मुलगी तिथे हजर, आणि सोबत कुणी आलं तर त्यांनाही बसायला खुर्ची. ज्यांना घेत नाही आहात त्यांना आठवड्याभरात फोन करा. साठ फोन होतात, तिघांनी वाटून घेतले तर एक संध्याकाळ.

कंडक्टरसाठी नट शोधू नका. गावात निवृत्त कंडक्टर असतोच. हातातला पंच टकटक वाजवत गर्दीतून वाट काढण्याची लय त्याच्या अंगात आहे, ती दोन तालमींत कुणाला शिकवता येत नाही. त्याला दोन वाक्यं द्या, आणि 'पुढे सरका' हे तो त्याच्या मनाने म्हणेल तसं म्हणू द्या.