कालव्यातल्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या हौदातून) खाली उतरताना बोट कशी सांभाळायची?

सगळ्यात मोठा धोका उंबरठ्याचा. वरच्या दाराखाली काँक्रीटचा किंवा दगडी कट्टा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसतच नाही. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं, की मागचा भाग वरच राहतो, पुढचा खाली जातो आणि काही मिनिटांत बोट बुडू शकते. बऱ्याच ठिकाणी भिंतीवर पांढरी रेघ असते. सुकाणूसकट अख्खी बोट तिच्या पुढे ठेवा, पण खालच्या दारांना टेकवू नका.

दोर खुंट्याला बांधून टाकायचा नाही. एक वेढा द्या, टोक हातात धरा आणि पाणी उतरेल तसा सोडत राहा. गाठ मारलीत तर बोट दोरावर लटकते. अरुंद लॉकमध्ये बाजूचे फेंडर (धक्का बसू नये म्हणून बोटीला लटकवलेल्या गाद्या) आधीच वर घ्या, ते भिंतीत अडकतात.

पाणी बाहेर सोडणाऱ्या खालच्या झडपा अर्ध्याच उघडून आधी बोटीकडे बघा. झडपेजवळच्या माणसाची नजर बोटीवरच हवी, कारण काही अडकलं तर त्यानेच लगेच खालच्या झडपा बंद करायच्या असतात. त्या पूर्ण बंद झाल्यावरच वरच्या हळूहळू उघडून पाणी परत भरा. झडपा उघडायला फिरवायचा हँडल दांड्यावर तसाच सोडू नका; दांडा उलटा फिरू न देणारा खटका निसटला तर तो गरगर फिरून हात मोडतो.

बोट भिंतीकडे सरकली तर हातापायाने अडवू नका. दार उघडत नसेल तर पाण्याची पातळी अजून सारखी झालेली नाही. थांबा.