धबधबे आणि नदीतले डोह बघत कुटुंबासोबत गाडीने चार दिवस फिरायचं आहे. आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला तरणतलावात पोहता येतं. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला पोहता येत नाही. आणि चार दिवसांत जमतील तितके धबधबे करायचे आहेत. यातलं ‘जमतील तितके’ आधी काढून टाका. गाडी लावणं, उतरून चालणं, कपडे बदलणं, पाण्यात खेळणं, अंग सुकवणं, खाणं आणि दमलेल्या मुलांना घेऊन पुन्हा चढून येणं, यात एका जागेचे साडेतीन-चार तास सहज जातात. म्हणून दिवसाला पोहण्याची जागा एकच ठेवा. दुसरी घेतलीच तर ती लांबून बघण्यापुरती. पोहण्याची जागा सकाळी घ्या. निसरड्या वाटेवर घाई होते ती अंधार पडायच्या बेतात आल्यावरच.

मुळात धबधबा बघण्याची वेळ आणि पोहण्याची वेळ एक नसते. चांगला पाऊस होऊन गेला की धबधबा भरात असतो, आणि नेमकं तेव्हाच खालच्या डोहात उतरण्यासारखं नसतं. म्हणून दोन याद्या करा, बघायच्या जागांची वेगळी आणि उतरायच्या जागांची वेगळी. पाणी चढलं असेल तर त्या दिवशी पहिली यादी वापरायची. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारा. ऊन लख्ख असतानाही धरणातून सोडलेलं पाणी काही मिनिटांत येऊन पोचतं.

थेट धारेखाली मुलांना नेऊ नका. तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते अंगाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. वरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच फिरतं आणि माणसाला आत ओढतं. शिवाय वरून दगड आणि लाकडं येतात ती वेगळीच. प्रवाह जिथे रुंद होऊन संथावतो, तळ दिसतो आणि काठ उतरता असतो, अशी जागा पोहायला निवडा. ती बहुतेक वेळा धबधब्यापासून बरीच खाली सापडते.

तिथे पोचल्यावर मुलांचे कपडे बदलण्याआधी दहा मिनिटं पाणी बघण्यात घालवा. आधी एकट्याने काठाकाठाने खालच्या बाजूला चालत जा. पुढे आणखी एक कडा, दगडांमधली चिंचोळी घळ किंवा अडकलेली झाडं असतील तर तो डोह सोडून द्या, वरचं पाणी कितीही शांत दिसलं तरी. मग एक काटकी पाण्यात टाकून दहा सेकंद मोजा. तेवढ्यात ती पाच मीटरच्या पुढे गेली तर मी मुलांना उतरवणार नाही. तीन-चार मीटर गेली तर थोरल्याला लाइफ जॅकेट घालून, मोठ्यांच्या सोबतीने उतरू द्यावं. धाकटीसाठी काटकी जवळजवळ जागच्या जागी राहील असंच पाणी हवं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर खळाळात धडधाकट माणसाचे पाय सुटतात ते त्यामुळेच.

खोली डोळ्यांनी ठरवू नका, काठीने मोजा. सरळ वरून पाहिलं तरी 90 सेंटिमीटर वाटणारं स्वच्छ पाणी प्रत्यक्षात सुमारे 120 सेंटिमीटर असतं. काठावरून तिरकं पाहिलं तर ते आणखी उथळ भासतं. सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून जायला एवढं पाणी पुरतं. कातळातल्या पात्रात तर एका पावलावर घोटाभर आणि पुढच्या पावलावर पुरुषभर असं असू शकतं. उंचावरून उड्या नकोतच, काल कोणी मारल्या असल्या तरी. रात्रीत वाहून आलेला ओंडका तळाशी अडकलेला असू शकतो.

शेवटी पाण्याच्या अगदी कडेला ओळखू येईल असा एक दगड ठेवा. तो भिजायला लागला, पाणी गढुळलं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान गोळा करत बसू नका. मुलांना घेऊन आधी वर चढा. ऊन तुमच्या डोक्यावर असतं, पाऊस डोंगरापलीकडे पडलेला असतो.

लाइफ जॅकेट घरून मापाचं न्या. हवा भरायच्या दंडपट्ट्या आणि टायर ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर उचला. ते कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. कपडे भडक केशरी किंवा पोपटी घ्या, निळे आणि पांढरे पाण्यात दिसेनासे होतात. चपला नकोत. मागे पट्टा असलेल्या, रबरी तळव्याच्या सँडल घ्या, पण ओल्या शेवाळावर त्यांचाही भरवसा धरू नका.

सोबत 15 ते 20 मीटर तरंगणारा दोर ठेवा आणि तो फेकायचा सराव घरीच करा. कोणी वाहू लागलं तर आधी काठी पुढे करायची, मग दोर फेकायचा. मागोमाग उडी मारायची नाही. मुलाला हे शिकवून ठेवा: ओढीत सापडलास तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण दगडांत पाय अडकला तर पाणी अंगावरून जातं. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करायचे आणि हातांनी काठाकडे सरकायचं.

बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. ते उभंच्या उभं असतं, मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबत असतात. म्हणून मुलांवर नजर ठेवायला एका मोठ्या माणसाची पाळी लावा, दर वीस मिनिटांनी बदला. पाळीवरच्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा. धाकटीजवळ हात पुरेल इतक्या अंतरावर कोणीतरी हवंच, ही जबाबदारी पाळीपेक्षा वेगळी.

गार पाण्यात एकदम शिरू नका, दचकून श्वास आत ओढला जातो आणि त्यासोबत पाणीही जातं. हळूहळू उतरा. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने काढून घेतं, त्यामुळे ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की लगेच बाहेर काढा. मूल नको म्हणेल, तरीही.

गाडीचं थोडक्यात सांगतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका, आणि तोंड परतीच्या रस्त्याकडे ठेवा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, घळीत रेंज नसते. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. 30 सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं. किल्लीसाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या आणि ती घरीच आत कागद ठेवून पाण्यात दाबून बघा.

साचलेल्या, गढूळ किंवा वर हिरवा तवंग असलेल्या पाण्यात उतरू नका. पायाला जखम असेल तर नदीतही नको. तळव्याला नवीन खरचटलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. परतल्यावर महिनाभरात कोणाला ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत ठणका किंवा डोळे लाल होणं असं काही झालं, तर नदीत उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची लक्षणं साध्या तापासारखीच वाटतात, आणि हे सांगितलं नाही तर तपासणीला उशीर होतो.